नमुना नंबर नऊ

गावात मला कुणी नावानं हाक मारत नाही.
'पट्टीवाली आली' म्हणतात,
आणि आतल्या खोलीतला टीव्ही बारीक होतो.

वडूजच्या पुढं, डोंगराच्या पोटाशी
आमची चिंचणेवाडी. तीनशे बारा उंबरे.
नमुना आठमध्ये प्रत्येकाची लांबी-रुंदी आहे,
कौलारू, पत्र्याचं, स्लॅबचं, असेल तर गोठ्याचीसुद्धा.
नमुना नऊमध्ये मागील बाकी, चालू मागणी, एकूण.
'वसूल' हा रकाना मार्च उजाडेपर्यंत कोरा,
त्यावर कपाच्या बुडाचा एक गोल डाग.

अंदाजपत्रक डिसेंबरात होतं.
ग्रामसेवक सांगतात, मी लिहिते.
जमेला घरपट्टी, पाणीपट्टी, दिवाबत्ती,
मंगळवारी बाजारात बसणाऱ्यांची फी,
देवळामागच्या चिंचेचा लिलाव.
चिंचेचे चार हजार धरले.
त्या साली चिंच फुललीच नाही.
कागदावर मात्र चार हजारांची
अजून लगडलेली आहे.

खर्चाला मागासवर्गीयांचे पंधरा टक्के,
महिला-बालकल्याणाचे दहा, दिव्यांगांचे पाच,
टीसीएल पावडर, जळालेल्या मोटरीचं रिवाइंडिंग,
झेंडावंदनाची बुंदी,
आणि अगदी खाली:
'माळावरच्या वस्तीस पथदिवा, नग एक.'
तिसरं वर्ष. तोच दिवा, तीच ओळ.
माझं अक्षर तेवढं बदललं, बोटं आखडल्यामुळं.

एकोणतीस मार्चला निघालो,
मी आणि शिपाई दिलावर मुलाणी,
टमटमला भोंगा बांधून.

अधिकराव फडतरे. दोन मजले, वर टॉवर.
चार वर्षांची बाकी.
'दाराम्होरं गटार कुठाय? आधी गटार, मग पट्टी.'
मी म्हणाले, 'आधी पट्टी, मग गटार.'
दोघंही खरंच बोलत होतो,
म्हणून बराच वेळ उन्हात उभे राहिलो.

माळावर गजराबाई खुस्पे.
डब्यातून नोटा काढल्या, जिऱ्याच्या वासाच्या.
आठशे सत्तर.
'ह्यात माझी बत्ती येती का गं?'
मी पावती फाडली.
येते म्हणाले नाही, येत नाही म्हणाले नाही.
आठशे सत्तरात किती दिवा येतो?
होल्डर येतो. थोडी वायर.
खांबाचा हातभर तुकडा.
उरलेला खांब अधिकरावांकडं थकलाय.

वसुलीची टक्केवारी घसरली
की आमच्या पगाराचा वरून येणारा हिस्सा घसरतो.
म्हणजे मी दारोदार फिरते ती
माझ्याच पगारासाठी, गावाच्या नावानं.
किंवा उलट. चालून चालून
कुठलं कुठं संपतं ते कळेनासं होतं.

एकतीसच्या रात्री
फळ्यावर लावायला थकबाकीदारांची यादी लिहीत होते.
अनुक्रमांक एकशे चव्वेचाळीस:
शालन निवास बोबडे, पाणीपट्टी, दोन हजार शंभर.
पेन थांबलं नाही.
अक्षर जरा बारीक आलं, इतकंच.
दिलावरनं पाहिलं,
आणि भोंग्याची वायर गुंडाळत राहिला.

पंचायतीकडं माझा पाच महिन्यांचा पगार,
माझ्याकडं पंचायतीचे एकवीसशे.
ह्या दोन आकड्यांची गाठ घालणारा नमुना नाही.
एकपासून तेहतीसपर्यंत सगळे उलटून पाहिले.

सकाळी नवी वही.
जुन्या पानावरची नावं
'मागील बाकी'त उतरवून घेतली.
एकशे चव्वेचाळीसही.

माळावर खांब अजून आलेला नाही.
खड्डा झालाय.
मार्चच्या आत काहीतरी खर्ची पडायला हवं होतं,
म्हणून दिलावरनं रातोरात खणला.
गजराबाई रोज दिवेलागणीला
त्याच्या कडेला कंदील ठेवतात,
कुणी पडू नये म्हणून.